दवाखाना ते लोकसभा : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाची चिकित्सा

सारांश

वैद्यकीय व्यवसायातून कामगार चळवळीत आणि तेथून विधानसभा व लोकसभेपर्यंत गेलेले डॉ. दत्ता सामंत (१९३२-१९९७) यांच्याविषयीचे मूल्यमापन बहुधा गौरव आणि दोषारोप या दोन टोकांमध्ये अडकलेले आहे. ही दोन्ही टोके सोडून त्यांच्या नेतृत्वाची पद्धत तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाचे नाते हे या नेतृत्वाचे खरे भांडवल होते. तेच नाते एका कारखान्याच्या लढ्यात परिणामकारक ठरले. संपूर्ण उद्योगाच्या लढ्यात मात्र ते अपुरे पडले आणि राजकारणात टिकाऊ संघटनेचे रूप घेऊ शकले नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : कामगार चळवळ, गिरणी संप, प्रातिनिधिक संघटना, कामगार आघाडी, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, नेतृत्व.

१. प्रस्तावना

रबाळे स्थानकातून बाहेर पडून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की पारसिकच्या डोंगररांगेच्या दिशेने पसरलेली औद्योगिक वसाहत सुरू होते. १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने या खाडीकाठच्या गावांच्या जमिनींवर रासायनिक आणि अभियांत्रिकी उद्योगांना जागा दिली. आज त्यांतील अनेक कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची संकुले, डेटा सेंटर आणि गोदामे उभी आहेत. सकाळच्या लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत कायम कामगार किती आणि कंत्राटदाराचा बिल्ला लावलेले किती, हे ओळखण्यास फारसे कौशल्य लागत नाही.

या परिसरात अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाला एक अनुभव वारंवार येतो. भारतीय राजकारणाच्या तासाला डॉ. दत्ता सामंत यांचे नाव निघाले की वर्गात दोनच प्रतिक्रिया उमटतात. काही विद्यार्थ्यांच्या घरी ‘डॉक्टरांनी आमच्या आजोबांचा पगार वाढवला’ असे सांगितले जाते, तर काहींच्या घरी ‘डॉक्टरांनी गिरण्या बुडवल्या’ असे. दोन्ही घरांत त्यांना ‘डॉक्टर’ असेच संबोधले जाते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विधानसभा, लोकसभा, शेकडो कारखान्यांतील करार, तुरुंगवास आणि एक प्रचंड संप इतके सारे होऊनही लोकस्मृतीने त्यांना ‘आमदार’, ‘खासदार’ किंवा ‘कामगार पुढारी’ या उपाधींनी ओळखले नाही. दवाखान्याची उपाधीच अखेरपर्यंत त्यांच्या नावाला चिकटून राहिली.

ही उपाधी हाच प्रस्तुत विवेचनाचा प्रारंभबिंदू आहे. ती केवळ आदरार्थी आहे, की त्या नेतृत्वाच्या अंतर्गत रचनेविषयी ती काही सांगते, हा येथील मुख्य प्रश्न होय. हा प्रश्न चरित्रापुरता मर्यादित नाही. कामगाराने आपला प्रश्न कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर सोपवावा, हा रबाळ्याच्या कंत्राटी कामगारासमोरही आज उभा असलेला प्रश्न आहे.

२. पंतनगरचा दवाखाना

दत्तात्रय नारायण सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ रोजी मालवणजवळील देवबाग येथे झाला. मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.बी.बी.एस. ही पदवी घेतली आणि घाटकोपरच्या पंतनगर वसाहतीत सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. कोकणातून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या मध्यमवर्गीय तरुणाचा हा परिचित मार्ग होता. त्या मार्गाला वळण मिळाले ते दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांमुळे.

घाटकोपर परिसरात त्या काळी दगडखाणी होत्या आणि तेथे राबणारे मजूर हे या दवाखान्याच्या रुग्णांपैकी होते. दगडखाणीतील मजुराचा आजार आणि त्याचे काम यांना वेगळे करता येत नाही. धुळीने आलेला खोकला बाटलीतल्या औषधाने तात्पुरता शमतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच धुळीत परत जातो. दगड पडून जायबंदी झालेल्या हाताला मलमपट्टी करता येते, परंतु बुडालेल्या मजुरीला मलम नसते. रुग्णाच्या तक्रारीचे मूळ शरीराबाहेर आहे हे ज्या डॉक्टरला कळते, त्याच्यासमोर दोन मार्ग असतात. जे आपल्या कक्षेत आहे तेवढेच करावे, अथवा कक्षा ओलांडावी. सामंतांनी दुसरा मार्ग स्वीकारला आणि १९६० च्या दशकात खाणकामगारांची संघटना बांधली.

मुंबईच्या कामगार चळवळीत ‘बाहेरचे’ नेतृत्व ही नवी गोष्ट नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या मागण्यांना वाचा फोडली तेव्हापासून, ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यापर्यंत, कामगारांचे पुढारी हे बहुधा शिकलेल्या थरातून आले. तथापि त्यांच्यापैकी बहुतेकांना कामगार भेटला तो विचारामार्फत. कोणी सत्यशोधक समाजाच्या, कोणी समाजसेवेच्या, तर कोणी मार्क्सवादाच्या मार्गाने त्याच्याकडे आला. सामंतांना तो भेटला तक्रार घेऊन आलेला रुग्ण म्हणून. त्यांच्या नेतृत्वाची शक्ती आणि मर्यादा या दोहोंचे बीज या भेदात आहे. विचारातून आलेला पुढारी कामगाराला ‘वर्ग’ म्हणून पाहतो, पण त्याची दैनंदिन वेदना त्याच्या दृष्टीतून निसटू शकते. तक्रारीतून आलेला पुढारी वेदना अचूक ओळखतो, पण तिच्या पलीकडची व्यवस्था त्याच्या दृष्टीबाहेर राहण्याचा संभव असतो.

३. निदानाची पद्धत : एक कारखाना, एक करार

१९७० च्या दशकात सामंतांचे कार्यक्षेत्र खाणींवरून अभियांत्रिकी कारखान्यांकडे सरकले. विक्रोळी, कुर्ला, मुलुंड या पूर्व उपनगरांतून ते ठाणे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत विस्तारले. १९७२ मध्ये विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील संघर्षाला हिंसक वळण लागले आणि सामंतांचे नाव शहरभर पोहोचले. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. त्या तुरुंगवासाने त्यांची प्रतिमा अधिकच उजळली आणि १९७७ नंतर कारखान्यांमागून कारखाने त्यांच्या संघटनेकडे येऊ लागले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्ससारख्या मोठ्या उद्योगातही त्यांनी पाय रोवले.

या काळातील त्यांची कार्यपद्धती समकालीन कामगार पुढाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे वेगळी होती. प्रस्थापित संघटना मागणीपत्र तयार करताना कंपनीचा ताळेबंद, नफ्याचे प्रमाण आणि त्या भागातील प्रचलित वेतन यांचा आधार घेत. सामंत ताळेबंद पाहण्यास सर्वसाधारणपणे तयार नसत. कामगाराला जगण्यास किती लागते हा त्यांच्या मागणीचा आधार होता. मालकाला किती परवडते हा प्रश्न त्यांनी मालकावर सोडला होता. मागणी प्रचलित दराच्या कितीतरी वर असे, संप दीर्घकाळ चाले आणि करार झाल्यास तो भरघोस असे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत बेजबाबदार मानली गेली आणि त्या टीकेत तथ्यांश आहे. परंतु तिची आंतरिक सुसंगती लक्षात घेतल्याशिवाय केलेली टीका वरवरची ठरते. ही दवाखान्यातील पद्धत आहे. ज्वराने फणफणलेल्या रुग्णाला तपासताना डॉक्टर त्याच्या घरमालकाची सांपत्तिक स्थिती विचारीत नाही. तो नाडी पाहतो आणि औषध देतो. कंपन्यांचे ताळेबंद मालकाच्या सोयीने लिहिले जातात, असा कामगारांचा अनुभव असताना ताळेबंदच नाकारणारा पुढारी त्यांना आपला वाटला तर ते स्वाभाविक होते.

या यशामागे कायद्याची रचनाही होती, जिच्याकडे गौरवपर लेखन दुर्लक्ष करते. अभियांत्रिकी आणि रासायनिक उद्योगांना लागू असलेल्या १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमानुसार संघटनेला मान्यता मिळते ती एकेका आस्थापनेत, आणि त्यासाठी किमान ३० टक्के सदस्यत्व लागते. म्हणजे एखाद्या कारखान्यातील कामगारांनी ठरवल्यास त्या कारखान्यापुरती संघटना बदलता येत होती. मान्यता नसली तरी उत्पादन थांबविण्याची ताकद असलेल्या संघटनेशी मालक वाटाघाटी करीत. एक कारखाना, एक मालक, एक करार हे कायद्याचे एकक आणि सामंतांच्या पद्धतीचे एकक परस्परांशी जुळत होते.

या पद्धतीची काळी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. प्रतिस्पर्धी संघटना, व्यवस्थापनातील अधिकारी आणि संपात न उतरलेले कामगार यांच्यावरील हल्ल्यांचे आरोप सामंतांच्या संघटनेवर वारंवार झाले. मालकांनी पोसलेल्या गुंडांचा हिंसाचार हेही त्या काळाचे वास्तव होते. तथापि दुसऱ्या पक्षाच्या हिंसेने पहिल्याची हिंसा निर्दोष ठरत नाही. रुग्णाच्या संमतीवाचून शस्त्रक्रिया करणे हा वैद्यकीय नीतीचा भंग असतो. संप न करू इच्छिणाऱ्या कामगाराच्या संमतीचे मोल चळवळीने कितपत राखले, हा प्रश्न सामंतांच्या चाहत्यांनी टाळलेला आहे.

४. गिरणी संप : रुग्ण नव्हे, साथ

ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसच्या प्रश्नावरून मुंबईच्या काही गिरण्यांतील कामगार संपावर गेले आणि त्यांनी सामंतांकडे नेतृत्वाचा आग्रह धरला. अभियांत्रिकी कामगारांचे वेतन वाढत असताना गिरणी कामगार मागे पडला होता. हजारो ‘बदली’ कामगार वर्षानुवर्षे अस्थायी होते. उपलब्ध अभ्यास आणि मौखिक इतिहास पाहता सामंत गिरणगावात स्वतःहून शिरले, यापेक्षा गिरणगावानेच त्यांना ओढून आणले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. १८ जानेवारी १९८२ पासून बेमुदत संप सुरू झाला. सुमारे ६० गिरण्या आणि जवळपास अडीच लाख कामगार त्यात सामील झाले. संप सुरू झाला त्याच आठवड्यात अ. र. अंतुले यांच्या जागी बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यांच्या जागी वसंतदादा पाटील आले. या अस्थिरतेत राज्य शासनाकडून ठोस मध्यस्थीची शक्यता क्षीण झाली, तर केंद्र शासनाला सामंतांचा विजय कोणत्याही किमतीत नको होता.

या ठिकाणी सामंतांच्या पद्धतीचे आणि परिस्थितीचे एकक प्रथमच जुळेनासे झाले. गिरण्यांना लागू होता १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम. या कायद्यात ‘प्रातिनिधिक संघटना’ ठरते ती एकेका गिरणीपुरती नव्हे, तर स्थानिक क्षेत्रातील संपूर्ण उद्योगासाठी, आणि तिला वाटाघाटींचा एकाधिकार मिळतो. तो एकाधिकार काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. परिणामी एखादा गिरणीमालक राजी झाला असता तरी सामंतांशी वैध करार करणे त्याला शक्य नव्हते. म्हणून वेतनवाढीच्या मागणीबरोबर हा कायदा रद्द करण्याची मागणी आली आणि ती आली त्याच क्षणी लढ्याचे स्वरूप पालटले. आता प्रतिपक्षी एकटा मालक राहिला नव्हता. मालकसंघ, मान्यताप्राप्त संघटना, राज्य आणि केंद्र असे चौघे समोर उभे होते.

शिवाय उद्योगच आजारी होता. १९७४ मध्ये देशभरातील १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. यंत्रसामग्री जुनाट होती, यंत्रमागांची स्पर्धा वाढत होती, अनेक मालकांनी गिरणीतील नफा अन्य उद्योगांत वळवला होता आणि गिरण्यांखालची जमीन कापडापेक्षा मौल्यवान होऊ लागली होती. अशा स्थितीत उत्पादन थांबविणे हे अस्त्र बोथट होते. ज्याला उत्पादन नकोच आहे, त्याला संपाची भीती कसली? अभियांत्रिकी कारखान्यात मालकाचा तोटा हे कामगाराचे बळ होते. गिरणीत मात्र मालकाला थांबण्याची सवड होती आणि कामगाराला नव्हती.

एका रुग्णाचा उपचार आणि साथीचा मुकाबला ही वैद्यकशास्त्रातच दोन भिन्न कार्ये मानली जातात. पहिल्यासाठी कुशल वैद्य पुरेसा असतो. दुसऱ्यासाठी पाणीपुरवठा, निचरा, लसीकरण, आकडेवारी आणि गावोगावी काम करणारी माणसे लागतात. गिरणगावात साथ होती आणि डॉक्टरांची पद्धत रुग्णाच्या खाटेजवळची होती. यंत्रमागांचे प्रश्न, सूत-कापडाचे धोरण, जमिनीचा वापर आणि कायद्याची फेररचना यांविषयीचा पर्यायी कार्यक्रम हाती असता, तर माघारीची जागा आणि तडजोडीची पायरी आखता आली असती. वेतनाच्या आकड्यावर उभ्या असलेल्या लढ्याला अशी पायरी सापडली नाही. संप औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही. तो १९८३ मध्ये हळूहळू विरत गेला. त्याच वर्षी केंद्र शासनाने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले, कित्येक कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले.

म्हणून ‘संपाने गिरण्या बुडवल्या’ हे विधान ऐतिहासिक दृष्ट्या टिकत नाही, कारण गिरण्या आधीच बुडत होत्या. परंतु ‘सामंतांचा त्यात काहीच दोष नव्हता’ हेही टिकत नाही. बुडत्या जहाजावर प्रवाशांचे नेतृत्व करणाऱ्याने जहाजाची अवस्था तपासलेली असावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येत नाही.

५. विश्वासाचे मतांत रूपांतर

सामंतांचा राजकीय प्रवास त्यांच्या कामगार कार्याच्या समांतर चालला. प्रारंभी ते काँग्रेसच्या वर्तुळात होते आणि १९७२ च्या निवडणुकीत विधानसभेवर निवडून गेले. पुढे काँग्रेसशी फारकत झाली आणि ‘कामगार आघाडी’ हे त्यांचे स्वतंत्र व्यासपीठ उभे राहिले. डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबई मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले.

या विजयाचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. संप जवळपास हरलेला होता आणि मतदारांपैकी कित्येकांची नोकरी गेलेली होती. व्यवहारी हिशेबाने पाहिल्यास अशा मतदाराने पुढाऱ्याला शिक्षा करावयास हवी होती. त्याने उलट केले. रुग्ण दगावल्यानंतरही ‘डॉक्टरांनी प्रयत्नांची शिकस्त केली’ म्हणून नातेवाईक हात जोडतात, तशी ती कृतज्ञता होती. शासन आणि मालक यांना दिलेले ते प्रत्युत्तरही होते. परंतु कृतज्ञता आणि निषेध ही दोन्ही एकदाच खर्च होणारी नाणी आहेत. संघटनेत त्यांची गुंतवणूक झाली नाही तर पुढच्या निवडणुकीला तिजोरी रिकामी असते.

तेच घडले. १९८९ मध्ये ही जागा शिवसेनेकडे गेली आणि गिरणगावाचे राजकारण कामगार या ओळखीवरून मराठी आणि हिंदू या ओळखींकडे सरकले. या स्थित्यंतराला अनेक कारणे आहेत. कामगार उरला नाही तेथे कामगाराचे राजकारण कोठून उरणार, हे त्यांतील सर्वांत मोठे. तथापि एक कारण कामगार आघाडीच्या रचनेतही होते. शिवसेनेकडे शाखा होती. तेथे नळाच्या पाण्यापासून रुग्णवाहिकेपर्यंतची कामे पुढारी हजर नसतानाही होत. कामगार आघाडीकडे डॉक्टर होते. दवाखान्यात डॉक्टर नसले तर रुग्ण परत जातो. कंपाउंडर औषध देऊ शकतो, पण निदान करू शकत नाही. वाटाघाटी, निर्णय आणि विश्वास ही तिन्ही एका व्यक्तीच्या ठायी एकवटलेली असल्याने दुसऱ्या फळीला स्वतःचे निदान करण्याचा अधिकार आणि सराव मिळाला नाही.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथील निवासस्थानाजवळ सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली. या प्रकरणातील आरोपी छोटा राजन यास मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०२३ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष ठरविले. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी विश्वास संपला नव्हता हे दाखवते. परंतु त्या गर्दीने पुढे कोणाच्या मागे जावे, याचे उत्तर संघटनेकडे नव्हते.

६. दुसरा एक डॉक्टर : तुलनात्मक निरीक्षण

वरील मर्यादा वैद्यकीय पार्श्वभूमीमुळे अटळ होत्या काय? तसे म्हणता येणार नाही. पुण्यात वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. बाबा आढाव हेही श्रमिकांच्या शरीरकष्टांतूनच चळवळीत आले आणि त्यांनी हमाल पंचायत उभी केली. हमालाच्या पाठीवरील ओझ्याचे वजन हा तेथेही प्रारंभबिंदू होता. मात्र त्या वेदनेचे उत्तर एका मालकाशी केलेल्या करारात न शोधता कायद्यात आणि संस्थेत शोधले गेले. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या माथाडी नेत्यांचेही प्रयत्न त्याच दिशेने चालले होते. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने मंडळे निर्माण केली. मालकाने मजुरी आणि तीवरील अधिभार मंडळात भरावा, मंडळाने कामगाराला वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस आदी लाभ द्यावेत, अशी ही यंत्रणा आहे. अनेक मालकांकडे फिरणाऱ्या, कोणाच्याही हजेरीपटावर नसलेल्या कामगाराला तिने आधार दिला.

या मंडळांतही दोष शिरले आहेत. तोतया माथाडींच्या खंडणीखोरीच्या तक्रारी शासनापर्यंत गेलेल्या आहेत. तरीही पुढाऱ्याच्या पश्चात यंत्रणा उरली, हा भेद मूलभूत आहे. रबाळ्याहून काही स्थानके पुढे, वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात आजही माथाडी कामगार मंडळामार्फत वेतन घेतो. ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात सामंतांच्या करारांनी एकेकाळी वेतनाचा आलेख उंचावला, तेथे त्या करारांचा कारखान्याबरोबरच अंत झाला. करार कारखान्याला बांधलेला असतो, कारखाना हलला की तो संपतो. कायदा क्षेत्राला बांधलेला असतो, म्हणून मालक बदलला तरी तो उरतो.

७. साहित्य व संशोधनातील डॉक्टर

सामंतांविषयीच्या लेखनाकडे वळल्यास एक विसंगती जाणवते. संपाविषयी गंभीर अभ्यास झाले, पण त्यांतील प्रमुख ग्रंथ इंग्रजीत आहेत. रजनी बक्षी यांचे १९८६ मधील पुस्तक, डच अभ्यासक ह्यूबर्ट व्हान वेर्श यांचा १९९२ मधील ग्रंथ आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला मौखिक इतिहास हे विशेष उल्लेखनीय होत. मौखिक इतिहासाच्या मार्गाने कामगाराला स्वतःच्या शब्दांत बोलता आले, ही त्याची मोठी देणगी. त्यातून गिरणी समित्या आणि चाळींमधील स्त्रिया यांचा सहभाग पुढे आला आणि संप म्हणजे एका व्यक्तीचा हट्ट, ही समजूत ढासळली.

मराठी ललित साहित्याने मात्र संपापेक्षा संपानंतरची पोकळी अधिक समर्थपणे टिपली. जयंत पवार यांचे १९९७ मधील ‘अधांतर’ हे नाटक गिरणगावातील एका कुटुंबाच्या विघटनाचे चित्रण करते. महेश मांजरेकर यांचा २०१० मधील ‘लालबाग परळ’ हा चित्रपट त्यावरच आधारलेला आहे. नाटकाचा दृष्टिक्षेप घरावर आहे, पुढाऱ्यावर नाही. संपाचे मूल्यमापन न करता त्याचे परिणाम भोगणाऱ्यांकडे पाहणे ही त्याची कलात्मक निवड आहे आणि ती योग्यच आहे. परंतु समीक्षेने त्यापुढे जाऊन विचारावयास हवे होते की, ज्या डॉक्टरवर या घरांनी इतका विश्वास ठेवला त्या विश्वासाची घडण मराठी साहित्याने का तपासली नाही? दोषारोप वृत्तपत्रांनी केले आणि गौरव स्मरणिकांनी. व्यक्ती म्हणून, गुणदोषांसह, सामंत आपल्या ललित लेखनात फारसे अवतरले नाहीत.

येथे प्रस्तुत मांडणीवरील एका आक्षेपाचा परामर्श घेणे उचित ठरेल. कामगारांनीच संप लादला असेल, तर नेतृत्वाच्या पद्धतीवर बोट ठेवणे अन्यायाचे नाही काय? या आक्षेपात बळ आहे. गिरणी कामगार हा निष्क्रिय रुग्ण नव्हता. त्याने आपला डॉक्टर निवडला, त्याला आपल्या वस्तीत आणले आणि कित्येकदा त्याच्या पुढे चालला. परंतु हाच मुद्दा उलटही वाचता येतो. इतका जागृत, संघटित आणि सोशिक कामगारवर्ग हाताशी असताना निर्णयाचे अधिकार त्याच्या समित्यांकडे कायमस्वरूपी सोपविले गेले नाहीत, हेच या नेतृत्वाचे सर्वांत मोठे अपयश होय. जेथे रुग्णच निदान करण्याइतका जाणता होता, तेथेही डॉक्टर-रुग्ण ही रचना मोडली गेली नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाचा पाया विचारप्रणालीपेक्षा तक्रार ऐकून घेण्यात होता. प्रस्थापित संघटनांना ऐकू न येणारी वेदना त्यांना ऐकू आली, हे त्यांचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे.

दोन, त्यांचे यश आणि अपयश यांना एकच पद्धत कारणीभूत आहे. एकेका कारखान्याच्या पातळीवर ती कायद्याशी आणि बाजाराशी जुळली. उद्योगाच्या पातळीवर ती दोहोंशी जुळली नाही.

तीन, लोकसभेपर्यंत पोहोचलेला जनविश्वास संस्थेत रूपांतरित झाला नाही. त्यामुळे गिरणगावात पुढे उरलेली पोकळी इतर ओळखींच्या राजकारणाने भरून काढली.

या निष्कर्षांचे आजच्या संदर्भात महत्त्व आहे. चार नव्या कामगार संहिता केंद्र शासनाने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या. योगायोगाने तो सामंतांचा जन्मदिन होय. औद्योगिक संबंध संहितेनुसार एकाहून अधिक संघटना असल्यास हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटींसाठी मान्य होते. तशी एकही नसल्यास किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. संपापूर्वी नोटीस देणे सर्वच उद्योगांत बंधनकारक झाले आहे. म्हणजे प्रतिनिधित्वाचा जो प्रश्न गिरणी कामगाराने १९८२ मध्ये उपस्थित केला, तो नव्या रूपात परत आला आहे. परंतु रबाळ्याच्या गोदामात किंवा डेटा सेंटरच्या दारात उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचे नाव मुख्य मालकाच्या हजेरीपटावर नसतेच. ५१ टक्क्यांच्या गणनेत त्याला स्थान कोठे, याचे उत्तर त्याला कोणी दिलेले नाही.

अशा कामगाराला पुन्हा एखादा ‘डॉक्टर’ भेटावा असे वाटणे समजण्याजोगे आहे, आणि वर्गात सामंतांचे नाव निघताच काही विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जी चमक येते तिच्यामागे हीच अपेक्षा असावी. ती अपेक्षा हसण्यावारी नेण्याचा अधिकार आपल्यासारख्या कायम वेतन घेणाऱ्या अध्यापकवर्गाला नाही. मात्र त्या विद्यार्थ्यांना कायदा वाचता यावा, ताळेबंद समजावा आणि वाटाघाटीच्या मेजावर स्वतःची बाजू स्वतः मांडता यावी, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती निश्चितच आहे. पंतनगरच्या दवाखान्यात जे ऐकले गेले ते ऐकण्याची तयारी, आणि जे तेथे शिकवले गेले नाही ते शिकवण्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी सामंतांच्या चिकित्सेतून आपल्याकडे येतात.